केराच्या डब्यावरची चिठ्ठी

मारतहळ्ळीच्या एका छोट्या शाळेत मी अटेंडर आहे. घंटा वाजवायची, खडू पोचवायचे, नोटिसचं पुस्तक वर्गावर्गात फिरवायचं. त्या पुस्तकात काय लिहिलंय ते सगळ्या शाळेला कळायचं, एक मला सोडून. मी निपाणीकडचा. शाळेची पायरी चढलो ती नोकरीसाठीच, त्याआधी कधी नाही.

पण तोंडानं मी पंडित. घरात मराठी, गेटवर कन्नड, वॉचमनशी हिंदी, भाजीवालीशी तमिळ, आणि शिव्या खाताना इंग्लिश. माझी मुलगी त्याच शाळेत तिसरीत. तिनं वर्गात सांगून ठेवलेलं, आमच्या अप्पाला सगळ्या भाषा येतात. अप्पा नुसता बोलतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. वाचायची वेळ आली की मी काहीतरी चेष्टा करायचो, लोक हसायचे, तेवढ्यात कागद दुसऱ्याच्या हातात जायचा. लेकीलाही असंच गुंडाळलेलं. तिला कळू नये, एवढीच एक भीती. बाकीच्यांसमोर घालवायला अब्रू शिल्लक नव्हतीच.

त्यात आमच्याकडे एस्पेरांतो आली. पुण्याकडचे एक रिटायर इंजिनियर, सरकारी कारखान्यात जन्म काढलेले, दर शनिवारी तिसरीच्या पोरांना ती शिकवायला यायला लागले. मी चहा नेऊन दिला आणि विचारलं, "सर, ही भाषा कुठल्या गावची?"

"कुठल्याच नाही. एका माणसानं बसून तयार केली, सगळ्यांना सोपी जावी म्हणून."

"आणि बोलतं कोण?"

"जगभर आहेत की. थोडे थोडे."

"म्हणजे आमच्या मारतहळ्ळीतल्या कन्नडसारखं. स्वल्प स्वल्प."

सर हसले आणि मी फसलो. ते मोठ्या मॅडमना म्हणाले, "हे गृहस्थ माझ्या वर्गात मागं बसू देत. मुलांना मजा येईल."

पहिले दोन शनिवार सगळं तोंडीच. सालूतोन म्हणजे नमस्कार. पोर्दो म्हणजे दार. पोरं बंगाली, तेलुगू, मल्याळी, कुणाच्याच घरी ही भाषा नाही, त्यामुळं कोण कुणाला हसणार? सगळ्यात मोठ्यानं मी ओरडायचो. मग मी व्हरांडा झाडायला लागलो की पोरं खिडकीतून ओरडायची, "सालूतोन, अण्णा." मीही झाडू कपाळाला लावून सालूतोन करायचो. मला वाटलं, इतकी वर्षं माझ्या अकलेला शोभेल अशी भाषाच कुणी काढली नव्हती.

तिसऱ्या शनिवारी सर चिठ्ठ्या घेऊन आले. प्रत्येकाला एक चिठ्ठी, तिच्यावर एक शब्द. ज्याचा शब्द त्याला नेऊन चिकटवायची. मलाही एक दिली.

मी घाबरलो नाही. असल्या प्रसंगांत मुरलेला माणूस मी. ठरवलं, सगळ्यांना आधी चिकटवू दे, जी वस्तू उरेल ती आपली. दाराला लागली, खिडकीला लागली, टेबलाला, खुर्चीला, फळ्याला. उरला केराचा डबा. मी ऐटीत गेलो, डब्याला चिठ्ठी चिकटवली, वरनं एक थाप मारली.

मग पहिल्या बाकावरच्या पोरानं डोकं वाकडं करून वाचलं, "पात्रो." पात्रो म्हणजे बाप, हे मला तोंडी पाठ होतं. ती मी माझ्या छातीला लावायची होती.

सगळी पोरं हसून लोळली. सर हसले नाहीत. ते माझ्याकडं बघत राहिले, आणि मला कळलं की ह्यांना कळलं. एवढ्यात मुलगी उठली.

"सर, अप्पानं मुद्दाम केलं. हसवायला. तो घरी पण असंच करतो."

"असं होय," सर म्हणाले, आणि पुढची चिठ्ठी काढली.

मी सुटलो. पण ती खाली बसली ती माझ्याकडं न बघता.

शाळा सुटल्यावर ती माझ्यापुढं दोन पावलं चालायला लागली. बेकरीपाशी थांबली आणि वर बोट केलं.

"काय लिहिलंय?"

"बेकरी."

"कशावरनं?"

"बन दिसतायत की."

एरवी एवढ्यावर सगळी गल्ली हसली असती. ती हसली नाही. माझी चेष्टा अशी फुकट गेलेली मी पहिल्यांदाच बघितली.

"शनिवारी माझ्या बाकावर बसायचं," ती म्हणाली.

"मावेन का मी त्यात?"

"माव."

मावलो. गुडघे कानाला लागले. सरांनी एका शब्दानं काही विचारलं नाही. त्या भाषेत एका अक्षराचा एकच आवाज, इंग्लिशसारखी फसवाफसवी नाही, असं मुलगीच सांगते. मला दुसरं कुठं काय माहीत? सहा महिन्यांत एस्पेरांतो वाचायला लागलो. जगात वाचता येते ती एवढी एकच भाषा, आणि तिच्यात मारतहळ्ळीत दुकानाची एक पाटी नाही.

पण तिचीच अक्षरं इंग्लिशमध्येही निघाली, आणि मुलगी आता सोडत नाही. बस आली की मी आपला शेजारच्याला विचारायला जातो, इकडच्या शिवाजीनगरला जाते का. ती शर्ट धरते. "वाच." मी एकेक अक्षर लावत उभा, तोवर बस निघून जाते. परवा अशा दोन गेल्या. तिसरीचा ड्रायव्हर चहा प्यायला उतरला होता, म्हणून मिळाली.