घासलेला दात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी साखर वाढलेली असताना चोरून खाल्लेले पेढेसुद्धा सांगून टाकतो. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मिलिंदला ओळखत नाही, म्हणून असेल.

मला जुन्या इंग्रजी एअरगनचं वेड आहे. आपल्याकडे छर्र्याची बंदूक म्हणतात, ती. आत एक जाड स्प्रिंग, ती सुटली की हवेचा दाब, त्या दाबानं छर्रा — बस, एवढंच यंत्र. पण महायुद्धाआधी विलायतेत बनलेल्या बंदुकीचं अक्रोडी लाकूड एकदा गालाला लागलं ना, की माणूस गेला कामातून. छावणीतल्या जुन्या सामानातून, कुणाच्या माळ्यावरून मी अशा बंदुका गोळा करत गेलो. शहराचं नाव बदललं, मी वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालो, पण बैठकीतलं काचेचं कपाट तिथंच आहे.

आमच्यासारख्या वेड्यांचा एक गट आहे. त्याचा नियम एकच — मूळ भागाला हात लावायचा नाही. गंज चालेल, लाकडाला चीर चालेल, पण आतला स्क्रूसुद्धा त्याच काळातला हवा. जो कुणी काही घासतो, बदलतो, त्याची आम्ही मनसोक्त खिल्ली उडवतो. त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा असायचा.

आणि कानस घेतली ती मीच.

माझ्या सगळ्यात लाडक्या बंदुकीचा चाप फार जड होता. आत एक छोटा पोलादी दात असतो, ताणलेल्या स्प्रिंगला तोच अडवून धरतो. चाप ओढला की दात सरकतो. हा दात थोडा घासला तर चाप हलका होतो. जास्त घासला तर — तर चापाला कुणी हात न लावताही तो कधीतरी सटकतो. मला हे माहीत नव्हतं का? सगळा जन्म यंत्रांत गेला, मला नाही तर कुणाला माहीत असणार? तरी घासला. चाप लोण्यासारखा मऊ झाला आणि मी खूश झालो.

मिलिंद माझ्याच कारखान्यात, माझ्याच पाळीत होता. जयंतीच्या मिरवणुकीत मला ओढून नाचवणारा, एरवी शांत माणूस. प्रेस मशीनवर त्याच्याइतका भरवशाचा हात दुसरा नव्हता. वेरूळजवळ आमचं शेत आहे, तिथं रविवारी सकाळी आम्ही दोघं रिकामे डबे मांडून नेम धरायचो. त्या रविवारी मी ती बंदूक त्याच्या हातात दिली. दाताचं काही बोललो नाही.

त्यानं नळी मोडली — म्हणजे मधून खाली वाकवली, तशीच ती स्प्रिंग ताणली जाते. मागचा लाकडी दस्ता मांडीवर टेकवला, उजवा हात दस्त्यावर ठेवला आणि डाव्या हाताच्या बोटानं छर्रा बसवायला लागला. तेवढ्यात नळी आपोआप वर आली. दार आपटावं तसा आवाज झाला. त्याच्या बोटाचं पेर मध्ये सापडलं.

मी समोरच उभा होतो. त्याच्या उजव्या हाताची सगळी बोटं लाकडावर होती, चापापासून लांब. हे मी पाहिलं — नीट पाहिलं.

दवाखान्यात नेताना गाडीत त्यानं विचारलं, "दिलप्या, कसं काय झालं रं हे?"

"तुझं बोट चापावर गेलं ना," मी म्हणालो.

का म्हणालो? गटात कळलं असतं म्हणून. मूळ दात मी घासला, हे चारचौघांत झालं असतं म्हणून. मित्राचं तुटलेलं पेर रुमालात होतं आणि मला लाज वाटत होती ती दाताची. घरी येऊन मी गुपचूप दुसरा दात बसवला, घासलेला एका डबीत ठेवला. पुढं मिलिंदनं स्वतः गटातल्या सगळ्यांसमोर ती बंदूक पुन्हा पुन्हा ताणून पाहिली. नळी जागची हलली नाही. "म्हंजे माझाच हात," तो म्हणाला.

मला वाटलं, मिटलं. पण मग तो आपल्या उजव्या हाताकडे बघायला लागला. बोलता बोलता थांबायचा आणि बघायचा, शेजारी कुणी तिसरा येऊन बसल्यासारखा. प्रेसवरून स्टोअरमध्ये बदली त्यानं स्वतः मागून घेतली. "भरवसा नाय राहिला ह्याचा. मला न सांगता करतो हा," असं हसत म्हणाला. मीही हसलो.

नंतर त्याला स्वप्न पडायला लागलं. बोट लाकडावरून सुटतं, सावकाश चापाकडे जातं, तो नाय नाय म्हणतो तरी जातं. नखाखालची काळी रेघसुद्धा दिसते म्हणे. जे घडलंच नाही, ते त्याला इतकं स्वच्छ दिसत होतं. "तू बी हेच पाहिलं ना?" तो दर वेळी विचारायचा. आणि मी दर वेळी व्हय म्हणायचो.

खरी भीती सांगू? आता मलाही तेच दिसतं. डोळे मिटले की ते बोट चापाकडे निघतं, काळ्या रेघेसकट. मग मी कपाट उघडून डबी काढतो. दात सगळा तांबूस पडलाय, पण घासलेली बाजू अजून चकाकते, आत्ताच कानस फिरवल्यासारखी. ती बघितली की खरं काय ते आठवतं. मिलिंदकडे तर अशी डबीही नाही.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो होतो, डबी खिशात घालून. त्याची नात जिना उतरायला निघाली होती. मी म्हटलं, आजोबांचा हात धर. त्याचा उजवा हात तिच्याजवळच होता — ती वळसा घालून पलीकडे गेली आणि तिनं त्याचं ते तुटकं बोट मुठीत धरलं.

"हा उजवा का नाही गं?" मी विचारलं.

"तो नको," ती म्हणाली. "तो आजोबाचं ऐकत नाय."

मिलिंदनं उजवा हात पाठीमागे नेला आणि माझ्याकडे बघून कसनुसं हसला. दोघं एकेक पायरी उतरत गेली. मी वरच उभा राहिलो, डबी मुठीत. तशीच परत आणली.

त्याचा हात त्याचं ऐकत होता. दात मी घासला होता.