रेघ बघ रे!

आमच्या गावात कबड्डीचा संघ कुणी निवडला, असं कधी झालं नाही. नाळ कापली की संघ ठरला. गाव तानसाच्या बाजूचं. भातं झोडून झाली की त्याच शेतात पाणी मारून, माती चोपून मैदान तयार व्हायचं. बाबा तरुणपणी संघात खेळलेले. त्यांची करंगळी वाकडी होती, ती वर करून आल्यागेल्या पाहुण्याला तीच ती पकड सांगायचे. सामन्याला जाताना मला खांद्यावर घ्यायचे. आई करवादायची, "पोरीला काय करायचीय कबड्डी?" बाबा म्हणायचे, "येऊ दे गो. आपुन जिंकलेलं तिनं नको बघायला?"

गावाची एक आरोळी होती. चढाईला गेलेला गडी पकडीत सापडला की बाकीची गावं 'सोडव, सोडव' करत बोंबलतात. आमचं अख्खं गाव मात्र ओरडायचं, "रेघ बघ रे, रेघ!" म्हणजे अंगावर कोण पडलंय ते सोड, मधल्या रेघेला बोट लाव. दम न सोडता बोट लागलं की धरणारे सगळे बाद. ही आरोळी आपणच काढली असं बाबा सांगायचे. खरं-खोटं गावदेवीला माहीत.

नव्वदच्या दशकात माझं लग्न झालं आणि मी मुरबाडकडे, म्हशाजवळच्या गावात आले. तर इथेही तेच! हे संघात कोपऱ्याला पकडी करायचे, सासरे मंडळाचे अध्यक्ष, आणि सासूबाई जेवायला वाढतानासुद्धा कुणाची पकड कशी सुटली तेच बोलायच्या. आगीतून उठून फुफाट्यात पडले म्हणा. पण मला बरंच वाटलं. निदान घरात बोलायला विषय होता.

पहिल्या दिवाळीला माहेरी गेले. पिशवी खाली ठेवायच्या आधी धाकट्या भावाला विचारलं, "काय रे, यंदा आपुन कुठं कुठं जिंकलो?"

तो नुकताच संघात आलेला, चांगलाच शेफारलेला. म्हणाला, "आपुन? आमी जिंकलो. तुमी आता मुरबाडच्या."

सगळे हसले, मीही हसले. बाबा त्याला दटावतील म्हणून त्यांच्याकडे बघितलं, तर ते मान खाली घालून विडी ओढत बसलेले. 'आपुन'मध्ये मी होते, 'आमी'मध्ये नव्हते. मेल्यानं एका शब्दात मला उंबऱ्याबाहेर काढलं आणि बाबांनी काढू दिलं. राग भावाचा नाही आला, बाबांचा आला. परत निघताना मी त्यांच्याशी धड बोललेसुद्धा नाही.

पुढच्या हिवाळ्यात, म्हशाच्या जत्रेच्या सुमारास, आमच्या मंडळानं सामने ठेवले. म्हणजे सासरच्या. आणि नशीब बघा, अंतिम सामना माहेरच्या संघाशीच! इकडे आड, तिकडे विहीर. सासूबाईंनी सकाळीच सांगून टाकलं, "सूनबाई, आज तोंडाला आवर. भाऊ बिऊ काय नाय." माझ्या जिभेला हाड नाही हे एव्हाना त्यांना कळलं होतं.

बाबाही आले. "जत्रंत बैल बघायला आलो," म्हणाले. बैल काय मैदानात बांधले होते? मैदानापलीकडे आपल्या माणसांत जाऊन बसले. मी अलीकडे, बायकांबरोबर बैलगाडीवर. कुणीही जिंको, मला त्याचं काही नव्हतं. सामना संपल्यावर बाबा घरी चहाला येणार होते, आणि ते 'आमी' म्हणतात की 'आपुन', एवढ्यावर माझा जीव टांगणीला लागला होता.

सामना अगदी अटीतटीचा झाला. शेवटची चढाई राहिली तेव्हा सासरचा संघ एका गुणानं मागे, आणि चढाईचे गडी सगळे बाद होऊन बाहेर बसलेले. राहिले कोण, तर आमचे हे! ह्यांनी जन्मभर पकडीच केल्या. ह्यांना चढाईला पाठवणं म्हणजे बैलाला झाडावर चढवणं. गेले बिचारे कबड्डी-कबड्डी करत, आणि जायची खोटी, माझ्या भावानं घोटा धरला. दुसऱ्यानं कंबर. हे आडवे. दम चालू होता, पण तोंड भलतीकडे, आणि आमची माणसं 'सोडव, सोडव' करून घसा फोडत होती. हेही पाय झाडत सोडवायच्याच मागे. अरे, रेघ हातभर लांब!

मला नाही राहवलं. मी गाडीवर उभी राहिले आणि जीव खाऊन ओरडले, "अरे, रेघ बघ रे! रेघ!"

ह्यांनी मान वळवली, हात लांब केला, रेघेला बोट लावलं. धरणारे दोघेही बाद. जिंकलो!

पण आधी आनंद करायचा की मला बघायचं, हेच लोकांना कळेना. त्या काळी आमच्याकडे नवऱ्याला 'अहो' म्हणायचं, तेही हळू. आणि मी, भर मैदानात, खुर्चीवर सासरे बसलेले असताना, ह्यांना 'अरे' आणि वर 'रे'! जावेनं तोंडात पदर कोंबला. सासरे खाकरले नि म्हणाले, "आज चालंल. उद्या नको."

चहाला बाबा आणि भाऊ आले. मी चहा देऊन दाराआड उभी राहिले. भाऊ तणतणला, "आमी जिंकत होतो. आमचीच आरोळी हिनं ह्यांना दिली. नाचा आता तुमी!"

बाबा दिवाळीसारखेच गप्प. मान खाली. मला वाटलं, झालं, आता कायमची मी मुरबाडची.

मग त्यांनी बशी खाली ठेवली.

"गप रे. घोटा धरलास नि रेघंकडे लक्ष नाय ठेवलंस. इतकी वर्सं गावात राहून तुला नाय समजलं. ही गेली, तरी नाय इसरली." आणि दाराकडे बघून म्हणाले, "काय गो, आपुन जिंकलो ना?"

हो म्हणायचं सोडून मी भोकाडच पसरलं. ते ऐकून हे आंघोळ अर्धवट टाकून, ओल्या टॉवेलावर धावत बाहेर आले.

"काय झालं? कोन हरलं?"

"कोन नाय, जावईबापू," बाबा म्हणाले. "कपडे घाला आधी."