लेकीबाळीला लाथ कशी मारू?

स्पिरिटचा वास आला की मला लातूरचा तो दवाखाना आठवतो आणि अजून डोकं फिरतं. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. पायात पुरेसा जोर दिसला तरच काठी सुटणार होती. व्यायाम घेणारी पोरगी माझ्या घोट्यावर हातातलं जोर मोजायचं यंत्र टेकवून म्हणायची, "आजी, ढकला मला!" दर वेळी आकडा वेगळाच. "अवो, लावा की जोर!" "अगं, लेकीबाळीला लाथ कशी मारू?" असं म्हणत साठीतली ती शहाणी बाई, म्हणजे मीच, पाय लागला म्हणून दर वेळी पोरीला नमस्कार करत होती! शेवटी पोरीनं यंत्र पट्ट्यानं टेबलाला बांधलं. टेबलाला मी सणसणीत लाथ हाणली. आकडा एकदम चढला. "आता यातला कोणता खरा धरू? पुढच्या महिन्यात या," पोरगी वैतागून म्हणाली. काठी आपटतच मी मुखेडची एसटी गाठली. आता कुणी जोर मोजायला आलं, तर आधी लाथ, मग नमस्कार.