मनमायानं न घेतलेली खुकरी

जपानातल्या ग्योतोकु स्टेशनच्या मागे मनमाया गुरुंग या नेपाळी बाईचं दुकान आहे. पुढे डाळी-मसाले, मागे छोटी खानावळ. माझा मुलगा अंबरीष दिवसभर तोयोसुच्या ऑफिसात, सून नोकरीवर, नात जुई मराठीला जपानीत उत्तर देते. मग बोलायला मला मनमायाच. तिचं हिंदी माझ्याइतकंच वाईट, म्हणून जमतं. मला ती आमा म्हणते, म्हणजे आई.

तिचा आजा गुरखा पलटणीत होता. इंग्रजांच्या बाजूनं जपान्यांशी लढताना इंफाळकडे नाहीसा झाला. प्रेत नाही, खुकरी नाही, ‘बेपत्ता’ एवढाच निरोप. आजीनं बांगड्या ना फोडल्या, ना नव्या भरल्या. मरताना नातीला म्हणाली, जपान्यांतलं कुणी भेटलं तर सोडू नकोस. आणि नात पोटासाठी आली ती नेमकी जपानात. डाळभात वाढता वाढता म्हाताऱ्या गिऱ्हाइकांची वयं ताडायची.

म्हातारे मोरिता-सान रोजचे गिऱ्हाईक. एकदा म्हणाले, मी वृद्धाश्रमात चाललोय, घर रिकामं करतोय. वडिलांनी लढाईतून तुमच्या लोकांची एक वस्तू आणली होती, ती घेऊन जा.

काय वस्तू ते मनमायाला तिथंच कळलं. मला म्हणाली, “आमा, तू चल. माझ्या हाताचा भरवसा नाही.”

गेले. अडवायला गेले की बघायला, ते देवाला ठाऊक.

घरभर खोकी. मोरितांनी रेशमी फडकं उलगडलं. पुढे वाकलेलं जड पातं, मुठीजवळ छोटी खाच, पलटणीचा झिजलेला शिक्का. म्यानाला दोन छोट्या सुऱ्यांच्या जागा, त्यातली एक रिकामी. पळून येताना वडिलांनी हिनंच बांबूचे कोंब तोडून खाल्ले, म्हणून जगले, म्हणून मी जन्मलो, असं ते सांगत होते. मनमाया मला ते हिंदीत सांगत होती, भाजीचा भाव सांगावा तशी.

मग तिनं खुकरी उपसली. म्हातारा मागे सरकला. म्हणे, ऐकलंय, ही रक्त प्यायल्याशिवाय म्यानात जात नाही.

“आम्ही हिनं कांदा चिरतो,” मनमाया म्हणाली. पण नजर त्याच्या मानेवर होती. माझा हात तिच्या पदरापाशी गेला, धरला मात्र नाही.

तिनं ती म्यानात घातली आणि त्याच्यापुढे सरकवली. त्यानं कपाळ चटईला टेकवून विनवलं, न्या, माझ्या जिवाचं ओझं जाईल.

“तेच नकोय,” ती म्हणाली. “माझी आजी ओझं घेऊनच गेली. ही तुमच्याच घरात राहील. दर दसैंला स्वतःच्या हातानं तेल लावायचं आणि माझ्या आजाचं नाव घ्यायचं. तुमच्यामागे मुलानं.”

दसैं म्हणजे त्यांचा दसरा. म्हाताऱ्यानं कबूल केलं, मुलाकडूनही वचन घेतलं.

परतताना मी विचारलं, ही तुझ्याच आजाची कशावरून?

“नसेलही. कुणाच्या तरी आजाची आहेच ना.”

पुढे म्हातारा वारला. खुकरी आता मुलाकडे, नागोयाला. यंदा खंडेनवमीला मी विळीला फूल वाहून दुकानात आले, तेवढ्यात त्याचा फोन आला. बायको घाबरते, म्हणाला, झोप लागत नाही, कृपा करून घेऊन जा.

मनमाया फोन स्पीकरवर टाकून तांदूळ मापत होती, मला हिंदीत सांगतही होती. तिनं विचारलं, “तेल लावलंत?”

लावलं, म्हणाला.

“मग नाव घ्या.”

हर्कबहादुर गुरुंग. त्याच्या जिभेला ते काही पेलेना. अडखळला की ती पहिल्यापासून म्हणायला लावी. तांदूळ मापून झाले, पिशवी बांधून झाली, तरी तिनं फोन ठेवला नव्हता.