जुन्या नावाची साक्ष

माझी धाकटी जाऊ मॅट्रिक पास होऊन आमच्या गिरगावातल्या घरी सून म्हणून आली, तेव्हा मी चुलीपुढे होते आणि पुढेही बरीच वर्षं तिथेच राहिले. मला तिचा हेवा वाटायचा. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? प्लेग येण्याआधीचा तो काळ. मुलगी मॅट्रिक झाली म्हणजे अख्ख्या वाडीने येऊन तिचं तोंड बघून जावं असा प्रकार. माझ्याही चार यत्ता झाल्या होत्या. तीसपर्यंतचे पाढे, पावकी-निमकी सगळं तोंडपाठ. नवव्या वर्षी लग्न झालं आणि शाळा सुटली. माझ्या पाढ्यांवर कुणाचा शिक्का नव्हता. तिच्या इंग्रजीवर युनिव्हर्सिटीचा होता. त्यात ती माझ्याच माहेरच्या, ठाकुरद्वारच्या आळीतली. मी माहेरपणाला गेले की माझ्यापुढे दुपट्यावर खेळलेली. आणखी जळायला काय हवं?

तिने एखादं इंग्रजी पत्र वाचून दाखवलं की मामंजी, म्हणजे आमचे सासरे, ‘शाबास!’ म्हणत. माझ्या पुरणपोळीला त्यांनी कधी शाबास म्हटलं नाही. नुसतं ताट पुढे करायचे.

मग मुलींच्या एका शाळेने तिला मास्तरीण नेमायचं ठरवलं. हिचं सर्टिफिकेट खरं ना, असं शाळेने युनिव्हर्सिटीला विचारलं आणि उत्तर आलं, या नावाची कोणी मुलगी पास झालेली नाही. बरोबरच होतं. आमच्यात लग्नात नाव बदलतात. ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिलं की जुनं संपलं. बापाच्या जागी नवरा येतो, आडनावही सासरचं. मामंजींनी अर्जात कौतुकाने सुनेचं सासरचं नाव घातलं आणि परीक्षा दिलेली मुलगीच नाहीशी झाली. नेमणूक अडली. मला आतून बरं वाटलं.

युनिव्हर्सिटीने वाट सांगितली. दोन्ही नावांची बाई एकच, असं तिला आधीपासून ओळखणाऱ्या कोणीतरी मॅजिस्ट्रेटपुढे शपथेवर सांगायचं. सांगणार कोण? तिचे वडील वारलेले, भाऊ लहान, विधवा आई उंबऱ्याबाहेर पडत नसे. आमच्या पुरुषमंडळींची तिच्याशी ओळख लग्नापासूनची. राहता राहिले मी.

“मोठ्या सूनबाई, तुम्ही याल का?” मामंजींनी विचारलं. एरवी ते मला विचारत नसत, सांगत.

दाराआडून जाऊ म्हणाली, “ताई, तुम्ही नाही म्हटलंत तर माझी शाळा गेली हो.”

गेले. माया उतू चालली होती म्हणून नव्हे. ती तीच होती, आणि मला खोटं बोलायचं वळण नव्हतं.

मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या कारकुनाने तिचं जुनं नाव विचारलं. मी सांगितलं. तिच्या वडिलांचं, आळीचं, शाळेचंही सांगितलं. एवढी मोठी युनिव्हर्सिटी, पण या एका नावासाठी अडून बसली होती. माझ्या नावासाठी कोणी असं अडून बसावं, असं मला तिथे फार वाटलं. कारकुनाने न विचारताच कागदाच्या तळाशी गोल काढला, लिहिता न येणाऱ्या बाईची बांगडीची निशाणी.

“मला सही येते,” मी फणकाऱ्याने म्हटलं. त्याने गोल खोडला. मी सासरच्या नावाने सही केली; दुसरं कुठलं चाललं असतं?

पुढे सर्टिफिकेटावर दोन्ही नावं चढली आणि शाळेने तिला घेतलं. मामंजींनी दोन्ही नावं मोठ्याने वाचून दाखवली, पेढे वाटले. पेढा मला गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. मी सहज विचारावं तसं विचारलं, “काय गं, माझं लग्नाआधीचं नाव ठाऊक आहे तुला?”

बराच विचार करून ती म्हणाली, “नाही हो. आम्ही आळीतली सगळी पोरं तुम्हाला ताईच म्हणायचो ना!”

तिच्यासाठी मी शपथेवर सांगून आले होते. माझ्यासाठी तिला काहीच सांगता आलं नसतं.