हौसाक्काची किडकी वांगी

आक्का गेली हे सांगायला तिचा धाकटा दीर मारुती स्वतः आला. वालचंदनगरच्या आमच्या क्वार्टरच्या दारात उभा राहिला. त्याचं तोंड बघून मीच विचारलं, "गेली का रं?" तो म्हणाला, "व्हय. पहाटंला." आदल्याच दिवशी संध्याकाळी मी बारामतीच्या दवाखान्यातून घरी आले होते, चार कपडे घ्यावेत, घरचं बघावं आणि परत जावं म्हणून... आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला रडू आलं नाही, राग आला. एक रात्र थांबायला काय झालं होतं या बाईला? पण जन्मभर तिनं कुणाच्या सोयीनं काही केलं नव्हतं, ते शेवटी तरी कशाला करील.

आक्काच्या गावी, कोऱ्हाळ्याला पोचले तर ओसरीवर बाया जमलेल्या. मी आत शिरता शिरता एकीचं बोलणं कानावर पडलं, "एवढं निवडून खाल्लं, भाजीला औशीदाचा वास बी लागू दिला न्हाय, आन झालं काय? आमी समदं खातो, आमी हितं बसलोय." आज महिना होऊन गेला तरी ते वाक्य डोक्यातून जात नाही. हेच बोलणं मी आक्काच्या तोंडावर कितीदा तरी बोलले असेन. पण ती समोर बसून उलट उत्तर देत असताना बोलणं वेगळं, आणि ती आत भुईवर निजलेली असताना बोलणं वेगळं.

माझी थोरली बहीण हौसाबाई. सगळं गाव तिला हौसाक्का म्हणायचं. कालव्याच्या पाण्यावर त्यांची माळव्याची शेती. वांगी, दोडकी, गवार, मिरची... शेतात कधी काही नाही असं नसायचंच. दाजी शांत माणूस, बैलांशी जेवढं बोलतील तेवढंसुद्धा माणसांशी बोलायचे नाहीत. मारुती मात्र हुशार, धडपड्या. बारामतीला गेला की दुकानातून काही ना काही नवं घेऊन यायचा. असाच एकदा तो पांढऱ्या पावडरीचा डबा घेऊन आला. वांग्यावर कीड फार पडली होती. दुकानदारानं सांगितलं, फडक्यात बांधायची आणि झाडावर झटकत जायची, दुसऱ्या दिवशी किडा दिसणार नाही. मारुतीनं संध्याकाळी तसं केलं आणि सकाळी खरंच किडा दिसला नाही. मेलेल्या अळ्या वाफ्यात पडल्या होत्या आणि आक्काच्या कोंबड्या त्या टिपत फिरत होत्या.

त्याच दिवशी वांगी तोडून पाट्या भरल्या, बाजारला जायला गाडी जुंपली, आणि तेवढ्यात आक्काला गोठ्यामागं दोन कोंबड्या तंगड्या वर करून पडलेल्या दिसल्या. तिसरी मान वाकडी करून गोल गोल फिरत होती. आक्का तशीच गाडीपाशी आली आणि मारुतीला म्हणाली, "ही वांगी किती दिवसांनी खायची असत्यात, इचारलंस का दुकानात?" मारुती म्हणाला, "त्येनी न्हाय सांगितलं, मी बी न्हाय इचारलं." मग तिनं पाट्या उतरवल्या आणि सगळी वांगी उकिरड्याच्या खड्ड्यात ओतली. वर माती ओढली, गुरांनीसुद्धा तोंड लावू नये म्हणून. मारुती ओरडत राहिला की कोंबड्यांना मर आली असेल, गावात दुसऱ्यांच्याही मेल्यात. मेल्या होत्याही, हे मला नंतर कळलं. पावडरीनं मेल्या की मरीनं, ते आजतागायत कुणाला ठाऊक नाही. पण आक्काचं ठरलं ते ठरलं. मळ्याच्या विहिरीकडचा तुकडा तिनं वेगळा काढला आणि सांगितलं, "हितं पावडर न्हाय. घरात खायाचं ते हितलं. मारुती, तुजं तू बघ."

इथपर्यंत मलाही पटलं होतं. पण आक्काला कुठलीही गोष्ट पटली की ती आपल्या घरापुरती ठेवायची म्हणून माहीत नव्हती. तिच्या तुकड्यातली वांगी भोकं पडलेली, बाजारात कोण घेणार? मग ती पाटी घेऊन एस.टी.नं थेट आमच्या क्वार्टरांत यायला लागली. आमच्या चाळीत आणि पुढं साहेबलोकांच्या बंगल्यांत दारोदार जायची आणि सांगायची, "ताई, किडं हाय म्हणून चांगलं हाय. किडा जिता हाय तवर बिनघोर खावा." एका साहेबांच्या बाईनं वांगं चिरलं, आतून अळी वळवळत निघाली, आणि त्या बाईनं ते तसंच ताटलीत घालून माझ्याकडे पाठवलं. मी शरमेनं अर्धी झाले. आक्काला म्हणाले, "आगं, राख टाकतीस, कडूलिंबाचा पाला उकळून टाकतीस, तंबाखूचं पानी मारतीस. मग ते इख न्हाय व्हय?" ती म्हणाली, "तंबाखू तुजा नवरा तोंडात धरून हिंडतो. त्येला म्हनावं, ती पावडर धरून दाव." आमचे हे तंबाखू खात खात हसत होते, ते आणखी वेगळंच.

माझ्या थोरल्या मुलीच्या साखरपुड्यात तर तिनं कहर केला. मुलाकडच्यांनी चांगली पंगत घातली होती. आक्का पानावर बसली, भरलं वांगं वाढलं गेलं, आणि तिनं वाढणाऱ्या व्याह्यांनाच विचारलं, "आबा, वांगी कुटली म्हनायची?" ते बिचारे कौतुकानं म्हणाले, "आमच्याच मळ्यातली. बघा की, एक डाग न्हाय." आक्का म्हणाली, "त्येच बघतीय." आणि तिनं वांगं पानाच्या कडेला सारून भाकरीबरोबर नुसता ठेचा खाल्ला. व्याह्यांचा चेहरा उतरला. बाहेर आल्यावर मी तिला हात धरून कोपऱ्यात नेलं आणि जे तोंडाला येईल ते बोलले. ती ऐकून घेत राहिली आणि शेवटी म्हणाली, "शांते, लगीन मोडंल म्हनून भ्यालीस व्हय? वांग्यावनं मोडनारं लगीन लागून तरी काय?" लग्न मोडलं नाही. उलट ते व्याही पुढं कितीतरी वर्षं तिची आठवण काढून हसायचे. पण त्या दिवशी मला हसू आलं नव्हतं.

आणि मग हिवतापाचं ते प्रकरण. कालव्याच्या कडेच्या गावांत थंडीताप घरोघरी. सरकारी माणसं पंप घेऊन आली आणि घरांच्या भिंतींवर आतून डीडीटी मारत निघाली. आक्का दारात आडवी उभी राहिली. "माज्या घरात न्हाय मारायचं." त्यांनी समजावलं, पाटील आले, मारुतीनं हात जोडले. नाही म्हणजे नाही. ती माणसं तेवढं घर सोडून पुढं गेली. आणि पावसाळ्याच्या शेवटी दाजी तापानं पडले. एक दिवसाआड हुडहुडी भरायची, चार गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे. मी बघायला गेले तर तो धिप्पाड माणूस खाटेवर चिपाडासारखा पडलेला. तेव्हा मात्र मी आवाज चढवला. म्हटलं, "तुजं खानं-पिनं तुज्यापाशी. तुज्या हट्टापायी ह्यो मानूस जाईल. गावात समद्यांच्या भिंती पांढऱ्या झाल्या, तुजीच काळी ऱ्हायली. त्येंच्या घरात कुनाला ताप हाय का बघ जा."

तिनं खरंच जाऊन बघितलं. ही तिची आणखी एक तऱ्हा. भांडताना एक पाऊल मागं सरायची नाही, आणि मग कुणाला न सांगता एकटीच खात्री करून यायची. चार घरं फिरून आली, चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "बोलव त्येनला." ती माणसं परत येईपर्यंत दाजींना गोळ्या लागू पडल्या होत्या. फवारणीच्या दिवशी आक्कानं धान्याच्या कणग्या, भांडी, पाण्याचे हंडे, मिठाची बरणीसुद्धा अंगणात काढली, वर वाकळा झाकल्या. पुढं कितीतरी दिवस स्वयंपाक अंगणात तीन दगडांच्या चुलीवर केला. मी विचारलं, "मग आता कसं चाललं औशीद?" तर म्हणाली, "भिंतीला मारलंय. भिंत काय मी खात न्हाय." मला तेव्हा वाटलं, ही हरली आणि हरलेलं कबूल करत नाही. आता वाटतं, तिनं त्या दिवशी फार सरळ हिशेब केला होता, आणि तो आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. आम्हाला एक तर पावडर देव वाटायची, नाही तर आक्का वेडी.

पण माझा तिच्यावरचा खरा राग यातल्या कशाचाच नाही. तिला पोटात दुखायचं. कधीपासून, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. दाजींनाही नाही. आपण चोख अन्न खातो, मग आपल्याला दुखणं येईलच कसं, अशी तिची पक्की समजूत. दुखलं की ओवा खायची, ताक प्यायची, उपास धरायची. अंगावरची चोळी ढिली व्हायला लागली तेव्हा मी विचारलं, तर म्हणाली, "उनाळ्याचं काम हाय." तिला बारामतीला नेलं तेव्हा ती आपल्या पायांनी एस.टी.तून उतरू शकली नाही. डॉक्टरांनी पोट चाचपलं, दाजींना बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, पोटात गाठ आहे, फार उशीर झाला. मी त्यांना विचारलं, हे कशानं होतं? खाण्यातून होतं का? ते म्हणाले, "बाई, तसं काही सांगता येत नाही. कुणालाही होतं." मला काहीतरी नाव हवं होतं, कुणावर तरी ठपका ठेवायला. ते काही मिळालं नाही.

दवाखान्याजवळच माझ्या नणंदेचं घर, तिथं मी राहिले. आक्का दवाखान्यातलं काही तोंडाला लावीना. रोज सकाळच्या गाडीनं दाजी विहिरीकडच्या तुकड्यातली भाजी आणायचे, मी नणंदेकडे शिजवून डबा न्यायची, आणि आक्का दोन घास खाऊन डबा सारून द्यायची. एवढ्यासाठी एक म्हातारा माणूस रोज एस.टी.चे धक्के खातोय, एवढ्यासाठी मी दुसऱ्याच्या चुलीपुढं बसतेय... माझा जीव नुसता विटला होता. एक दिवस दाजींची गाडी चुकली. वाट बघून बघून मी मंडईत गेले, दोडकी घेतली, चांगली हिरवीगार, एक डाग नसलेली. भाजी केली आणि डबा तिच्यापुढं ठेवून सांगून टाकलं, "बाजारातली हाय. खायची तर खा, न्हाय तर ऱ्हाऊ दे. मी आता दमले."

ती उशीला टेकून बसली आणि म्हणाली, "दमलीस व्हय? आन हिकडं." आणि त्या दिवशी तिनं डब्यातली निम्मी भाजी खाल्ली. पहिल्यांदाच. खाताना एकदा म्हणाली, "मीठ बरूबर झालंय." मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेले आणि नळाशी उभी राहिले. इतकी वर्षं मी जिच्याशी भांडले ती आपलं ऐकते आहे, याचा आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मला तिचा सपाटून राग आला. असं मुकाट्यानं खाणारी ही कोण? माझ्या बहिणीनं डबा ढकलून द्यायला हवा होता... त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

दिवसकार्य झाल्यावर परवा मी पुन्हा कोऱ्हाळ्याला गेले. दाजी ओसरीवर बसलेले. मळ्यात गेले तर मारुती विहिरीकडच्या तुकड्याच्या बांधावर उभा, हातात पावडरीची पुरचुंडी. वांग्यांचे शेंडे जागोजाग मान टाकून लोंबत होते. मला बघून म्हणाला, "किडीनं समदं खाल्लं बगा. आता टाकू का हितं?" मी म्हटलं, "मला काय इचारतोस? तुजं रान हाय." तो म्हणाला, "व्हय, माजंच हाय. आता न्हाय म्हनायला बी कुनी न्हाय." असं म्हणून तो वाफ्यात उतरला, आणि पहिल्या झाडापाशीच थांबला. मग पुरचुंडी बांधावर ठेवून खाली बसला आणि एकेक वाळलेला शेंडा खुडायला लागला. खुडायचा, मोडून आतली अळी बघायची आणि डालग्यात टाकायचा. आक्का रोज सकाळी न चुकता हेच करायची. अर्धं आयुष्य तिचं त्या वाफ्यांत ओणवं होण्यात गेलं. मारुतीला ते काम मनापासून आवडत नाही. तो खुडत होता आणि आक्काला शिव्या घालत होता, ही काय शेती हाय, हे काय मानसाचं काम हाय, कंबरंचा काटा ढिला झाला...

मी पदर खोचला आणि दुसऱ्या सरीला बसले. ऊन वर आलं होतं. माझंही कंबरडं मोडत होतं, आणि आक्काला काय काय बोलायचं ते मला मारुतीपेक्षा जास्त सुचत होतं. सरीच्या शेवटाला आम्ही दोघं समोरासमोर आलो. मारुतीनं घाम पुसला, पुढच्या वाफ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "चला वैनी, अजून तीन सऱ्या हायत्या." मला तो आजवर कधी वैनी म्हणाला नव्हता, ती हाक आक्काची. मी शांताबाई होते त्याची. त्याच्या ते लक्षातही आलं नाही, आणि मी पुढच्या सरीला बसले.