बारा माग, एक घण

केसरीनाथचा राग नाकाच्या शेंड्यावर. टेमघरच्या यंत्रमागाच्या गाळ्यात सूत तुटलं तरी पान्हा भिंतीवर भिरकावणारा माणूस! पण जीव मात्र मागांतच अडकलेला. मुंबईच्या गिरण्यांना टाळं लागलं, सरकारनं छोट्या मागांना सवलती दिल्या, तेव्हा त्याच्या बापानं, कोन गावच्या बाळारामनं, गिरणीतले बारा जुने माग आणले. पहिल्याच मागाचा, सूत घेऊन धावणारा धोटा उडून बाळारामचा डावा डोळा फुटला. पट्टी बांधून आठव्या दिवशी तो त्याच मागावर उभा राहिला.

पुढे गाळा केसरीनाथच्या हाती आला, सवलती गेल्या, विजेचे दर चढले. नोटाबंदीत गाळा मुका झाला. जीएसटीत व्यापाऱ्यांनी पाठ फिरवली. लॉकडाउनमध्ये कारागीर पायी उत्तरेला गेले. "सही तिकरं सरकारची व्हते, मुंडका आमचा जातो," असं म्हणून केसरीनाथ एक करकरीत शिवी हासडायचा.

मग योजना आली: जुने बाराही माग अधिकाऱ्यासमोर फोडा, नव्यांसाठी अनुदान घ्या. अधिकारी उगवला तो शेवटच्या तारखेला, आणि त्याच दिवशी नेमकी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यार पुजायचं, चालवायचं नाही. आई आक्का पूजेचं ताट घेऊन कोनहून निघायच्या आत उरकावं म्हणून केसरीनाथनं सकाळीच घण उचलला. बिडाच्या लोखंडाच्या ठिकऱ्या उडू लागल्या. एक कपाळात घुसली, तरी तो थांबला नाही. वैऱ्याची हाडं मोडावीत तसे त्यानं अकरा माग मोडले आणि रडत रडत मोडले.

वळला तर उरलेल्या बाराव्यासमोर, बापाचा डोळा घेणाऱ्या त्याच मागासमोर, आक्का. ताट खाली पडलेलं, कुंकू सांडलेलं.

"आये, बाजूला व्हय! आज तारीख गेली त सगला गेला!"

"तुज्या बापाचा डोला खाल्ला यानी, तवा आपले घरान भात शिजला. घालाचा हाय त पयले माजे डोक्यान घाल."

त्यानं तिला दंडाला धरून फरफटवलं. ती पडली, कोपर फुटलं. तशीच सरपटत जाऊन तिनं मागाला मिठी मारली. घण वर गेला आणि वरच राहिला. मग केसरीनाथनं तो भिंतीत हाणला. भगदाड पडलं.

अधिकाऱ्यानं कागदावर लिहिलं, अकरा. बारा नाहीत, म्हणून अनुदान नाही.

आता गाळ्यात एकच माग खडखडतो. केसरीनाथ स्वतःच तो चालवतो. आक्काचा हात कोपरात वाकत नाही, तरी ती रोज डबा आणते, आणि तो तिच्याकडे न बघता जेवतो. दारात सरकारी गाडी थांबली की तो ताडकन उठून घण शोधतो. घण आक्कानं त्याला न सांगता केव्हाच कोनच्या विहिरीत टाकलाय.